डोळ्यातलं कुसळ आणि ठिपका-ठिपका पाहणारं यंत्र

सोयाबीन काढणीला आलं की आमच्याकडे लाल डोळ्यांची माणसं दिसायला लागतात. मळणीयंत्राच्या तोंडाशी पेंढ्या लोटणारी बाई, मागे भुसा ओढणारं पोरगं, पोतं धरणारा गडी. कुणाच्या डोळ्यात टरफल उडतं, कुणाच्या काडी. पाठोपाठ कापसाची वेचणी, मग पऱ्हाटी उपटणं, मग ज्वारीची कुसळं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर गेलेल्या टोळ्यांना तर रोजच उसाच्या पानाशी गाठ. त्या पानाची कड करवतीसारखी असते. गालावर ओढली गेली तर रक्ताची रेघ उमटते.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "काही नाही सिस्टर, कचरा गेलाय. निघंल."

नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी वस्तीत मी अजून सिस्टरच आहे. हे "निघंल" इतक्यांदा ऐकलं की या वेळी आरोग्याच्या पानावर डोळ्याबद्दलच लिहायचं ठरवलं. नुसत्या "काळजी घ्या" छापाच्या सूचना लिहिणार नाही. त्या दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात आणि त्याच भिंतीला टेकून आपण बसलेलो असतो. मी एका यंत्राबद्दल लिहिणार आहे. डोळ्यात घुसलेली बुरशी ते डोळा न कापता दाखवतं. ते कसं दाखवतं हे समजलं, तर कचरा गेलेल्या डोळ्यात काय चाललेलं असतं हेही समजतं.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या डोळ्यात सोयाबीनची काडी गेली. नाव लिहीत नाही, त्यांनी तेवढी अट घातली आहे. पहिल्या दिवशी पदराचा बोळा करून फुंकर. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाळंतिणीचं दूध. तिसऱ्या दिवशी जिभेनं कचरा काढणारी बाई. चौथ्या दिवशी, मजुरी बुडू नये म्हणून, औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली. थेंब घातले आणि लाली गेली, पाणी थांबलं, दोन दिवस मावशी कामावर. मग दुखणं परत आलं ते दुपटीनं. माझ्याकडे आल्या तेव्हा डोळ्यावर ओलं फडकं बांधलेलं.

"रातभर ठणकायलंय गं बाई. पंख्याचं वारंबी सोसंना."

फडकं काढून मी बॅटरी धरली. बुबुळाच्या काळ्या भागावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग होता, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. बाटली मागून घेतली. बारीक अक्षरात जंतुनाशकाच्या नावापुढे आणखी एक नाव होतं, डेक्सामेथासोन. माझ्या पोटात गोळा आला.

का, ते सांगते. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखं एक पारदर्शक पटल असतं. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तेवढ्यात पाच थर. त्यात रक्तवाहिनी नसते, म्हणून तर त्यातून आरपार दिसतं. वरचा थर शाबूत आहे तोवर जंतूंना आत वाट नसते. काडीनं ओरखडा काढला की वाट मिळते. शेतातल्या काडीवर, पाचटावर, मातीत बुरशीचे बीजाणू असतातच. आपल्या देशात डोळ्यात सापडणाऱ्या बुरशींची दोन मोठी घराणी म्हणजे फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस. बीजाणू रुजला की त्यातून धागे फुटतात, शिळ्या भाकरीवर फुटतात तसे, आणि इथं ते पटलाच्या आत आत शिरतात. डोळा लाल होणं, सुजणं, पाणी येणं ही शरीराची झुंज असते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. ते ही झुंजच थांबवतं. डोळा वरून शांत दिसतो आणि बुरशीला रान मोकळं होतं.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेच देतात आणि द्यायलाच हवं. पण काडी लागलेल्या डोळ्यात, आत काय आहे ते न बघता घातलं तर ते डोळा खातं.

आणि "आत काय आहे ते बघणं" हाच खरा प्रश्न आहे. जखम बॅक्टेरियाची आहे की बुरशीची, हे नुसत्या नजरेनं अनुभवी डॉक्टरांनाही दर वेळी खात्रीनं सांगता येत नाही. औषध मात्र दोन्हींचं अगदी वेगळं. म्हणून मायक्रोस्कोप लागतो.

साधा मायक्रोस्कोप आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला आहे, निदान थुंकी तपासायला दिली तेव्हा टेबलावर ठेवलेला तरी. तो चित्र कसं तयार करतो? काचपट्टीच्या खालून उजेड येतो आणि दिसणाऱ्या सगळ्या नमुन्यावर एकदम पडतो. नमुन्याच्या प्रत्येक बिंदूतून किरण बाहेर फाकतात. काचपट्टीजवळचं छोटं भिंग ते किरण गोळा करतं आणि नळीच्या आत पुन्हा एकेका बिंदूवर जुळवतं. असे असंख्य बिंदू एकाच वेळी आपापल्या जागी जुळले की चित्र झालं. डोळ्याजवळचं भिंग ते मोठं करून दाखवतं. शिकत असताना मी पहिल्यांदा क्षयाचे जंतू पाहिले ते असेच, निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या बारीक काड्या. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, तोही अशाच यंत्राच्या बळावर.

या यंत्राला एक सीमा आहे, आणि ती जर्मनीच्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवली. दोन बिंदू एकमेकांच्या फार जवळ असले, साधारण ०.२ मायक्रॉनच्या आत, तर उजेड त्यांना वेगळं दाखवू शकत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. कोरोनाचा विषाणू ०.१ मायक्रॉनच्या आसपास, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२० मध्ये त्याचं चित्र घेतलं ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं. ते यंत्रच वेगळं, त्यात उजेड नसतोच. बुरशीचा धागा मात्र चांगला तीन ते पाच मायक्रॉन जाड असतो. साध्या मायक्रोस्कोपला तो सहज दिसतो.

तो पाहण्याची सगळ्यात स्वस्त रीत अशी. डोळ्यात सुन्न करणारे थेंब घालतात. डॉक्टर बारीक पात्यानं जखमेची कड हलकेच खरवडतात. खरवड काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकतात. त्यात पेशी विरघळून फिक्या पडतात, बुरशीचं कवच चिवट असल्यामुळे टिकून राहतं. थोड्या वेळात मायक्रोस्कोपखाली धागे दिसतात, फांद्या फुटलेले, मध्येमध्ये आडवे पडदे असलेले. खर्च किरकोळ. बघणाऱ्याला ओळख हवी आणि सवड हवी, एवढंच. त्यातली सवड आपल्या सरकारी दवाखान्यांत औषधापेक्षा दुर्मीळ असते, हे मी आत राहून पाहिलं आहे.

मावशींची खरवड पहिल्या रुग्णालयात घेतली, त्यात काही दिसलं नाही. आता कळतं की ती वरवरची निघाली असणार. बुरशी खोल गेली होती आणि वरच्या थरात थेंबांमुळे सगळं निवल्यासारखं झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता हैदराबादच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयाची चिठ्ठी दिली. रात्रीच्या अजिंठा एक्सप्रेसनं आम्ही निघालो. जनरलच्या डब्यात मावशी दोन्ही डोळ्यांवर पदर ओढून बसल्या होत्या, कारण चांगल्या डोळ्यात उजेड गेला तरी दुखरा डोळा कळ मारायचा.

तिथं मी पहिल्यांदा कॉन्फोकल मायक्रोस्कोप पाहिला.

आधी त्याच्यामागची अडचण समजून घेऊ. काचपट्टीवरची खरवड पातळ असते. जिवंत डोळ्याचं पटल तसं नाही, त्याला जाडी आहे. साध्या मायक्रोस्कोपनं त्यात बघायला गेलं, तर ज्या थरावर भिंग रोखलंय त्याचं चित्र जुळतं खरं, पण वरच्या आणि खालच्या थरांतून येणारे किरणही त्याच चित्रावर येऊन पडतात. ते बिंदूवर जुळलेले नसतात, त्यांचे नुसते पसरट डाग पडतात. नळावर दहा जणी एकदम बोलायला लागल्या की एकीचंही धड ऐकू येत नाही, तसं होतं. प्रयोगशाळेत यावर जुना उपाय आहे. शरीराचा तुकडा मेणात बसवायचा आणि त्याचे तीन-पाच मायक्रॉनचे काप करायचे. गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात तेव्हा हेच करतात. पण बघणाऱ्या जिवंत डोळ्याचे काप कोण करणार?

अमेरिकेत मार्विन मिन्स्की नावाच्या तरुण संशोधकापुढे १९५५ च्या सुमारास असाच पेच होता. त्याला मेंदूतल्या चेतापेशींचं जाळं बघायचं होतं आणि सगळ्या तुकड्यावर उजेड टाकला की नुसतं धुकं दिसायचं. त्यानं विचार उलटा केला. सगळं एकदम बघायचंच कशाला? एका वेळी एकच बिंदू बघू. १९५७ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला, १९६१ मध्ये ते मिळालं. पुढे हाच माणूस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात फार मोठा झाला. त्याच्या मायक्रोस्कोपकडे मात्र कितीतरी वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. लेसर आणि कॉम्प्युटर हाताशी आल्यावर, १९८० नंतरच्या दशकात, ती कल्पना खऱ्या अर्थानं कामाला लागली.

पत्र्याच्या घरात राहिलेल्यांना यातला पहिला भाग समजावून सांगावा लागत नाही. पत्र्याला खिळ्याचं भोक असतं आणि दुपारी त्यातून कवडसा पडतो. धूळ घरभर असते, पण दिसते ती कवडशात सापडलेलीच. मिन्स्कीनं तेच केलं, बारीक भोकातून आलेला उजेड घेतला. भिंगानं तो नरसाळ्यासारखा निमुळता केला आणि एका बिंदूवर आणला.

पण एवढ्यानं भागत नाही. नरसाळ्याचा उजेड त्या बिंदूच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या थरांवरही पडतोच, फिका आणि पसरट. तिथूनही किरण उलटतात. खरी करामत दुसऱ्या भोकात आहे. बिंदूवरून उलटलेले किरण त्याच भिंगातून माघारी येतात, अर्ध्या पारदर्शक आरशावरून बाजूला वळतात आणि पुन्हा एका बिंदूवर जुळतात. जिथं जुळतात, नेमकं तिथं बारीक भोकाचा पडदा लावलेला असतो. ते पुरते जुळलेले असल्यामुळे भोकातून पार होतात. दुसऱ्या थरांतून आलेले किरण त्या पडद्यापाशी जुळलेले नसतात, फाकलेले असतात. त्यांचा थोडासाच अंश भोकात शिरतो, बाकीचा पडद्यावर आपटून संपतो. सुईत दोरा ओवताना टोक नीट पिळलेलं असेल तर ते नेढ्यातून जातं, उसवलेलं असेल तर बाहेरच अडतं. तसंच हे. भोकापलीकडे डोळ्याऐवजी उजेड मोजणारा एक कण बसवलेला असतो. तो एवढंच सांगतो की या बिंदूवरून इतका उजेड आला. उजेड पाडणारं भोक आणि उजेड घेणारं भोक, दोन्ही एकाच बिंदूवर रोखलेली. कॉन्फोकल या नावाचा अर्थही तोच.

डोळे तपासायच्या शिबिरात एक काळी चकती असते, मध्ये टाचणीएवढं भोक. तिच्यातून बघितलं की नंबर असलेल्या माणसालाही तक्त्यावरची अक्षरं बरीच साफ दिसतात. तिचं काम वेगळं, हे यंत्र वेगळं, पण फाकलेला उजेड अडवला की चित्र साफ होतं हे दोन्हीकडे खरं आहे.

आता एक बिंदू तर मिळाला. चित्र कुठंय? ते बिंदू-बिंदू जोडून करायचं. रविवारी विहारात मी हे बायकांना सांगत होते तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "म्हणजे पात धरल्यागत." अगदी बरोबर. खुरपायला गेल्यावर आपण पात धरतो, या बांधापासून त्या बांधापर्यंत एक पात संपली की शेजारची. शेवटी सगळं शेत होतं. यंत्रातला उजेडाचा बिंदू असाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, मग किंचित खाली सरकून पुढची पात. मिन्स्कीनं उजेड जागेवर ठेवून नमुनाच हलवला होता. लंडनमध्ये १९५१ साली यंग आणि रॉबर्ट्स या दोघांनी टीव्हीच्या नळीवरचा पळता ठिपका वापरून उजेडच हलवला होता. आजच्या यंत्रात लेसरचा किरण दोन इवल्या आरशांवरून जातो. एक आरसा भराभर हलून पात काढतो, दुसरा सावकाश हलून पुढच्या पातीवर नेतो.

म्हणजे साध्या मायक्रोस्कोपमध्ये चित्र भिंग तयार करतं, आणि इथं अख्खं चित्र भिंगात कुठंच नसतं. असते ती आकड्यांची लांबच लांब यादी. कॉम्प्युटर प्रत्येक आकडा त्याच्या जागी ठेवतो, जास्त उजेड तिथं पांढरा ठिपका, कमी तिथं काळा. ठिपक्यांची रांगोळीच म्हणा. डोळ्यासाठी जास्त वापरात असलेल्या एका यंत्राच्या चित्रात ३८४ पाती आणि दर पातीत ३८४ ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात जवळजवळ दीड लाख. एवढे ठिपके मोजायला त्याला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. आणि हे सगळं शेत किती मोठं? ०.४ मिलिमीटर लांब, तेवढंच रुंद.

भिंग थोडं आत रोखलं की खालच्या थराचं चित्र मिळतं, आणखी आत की त्याच्या खालचं. सुरी न लावता, नुसत्या उजेडानं केलेले हे काप. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारख्या संस्थांत अशीच यंत्रं पेशींच्या संशोधनासाठी वापरतात. तिथं पेशींना चमकणारे रंग लावतात. डोळ्यात रंग लावायची गरज नसते, उलटून आलेला उजेड पुरतो.

मावशींना खुर्चीवर बसवून हनुवटी टेकवायला लावली. सुन्न करणारे थेंब टाकले. यंत्राच्या टोकावर प्लास्टिकची स्वच्छ टोपी आणि जेल होतं. ते टोक डोळ्याला हलकेच टेकलं. मावशींनी माझा हात धरला होता तो नख रुतेपर्यंत, पण नंतर विचारलं तर म्हणाल्या, दुखलं नाही, तांबडा उजेड दिसला फक्त. मी पडद्याकडे बघत होते. आधी वरच्या थरातल्या पेशी, फरशा बसवल्यासारख्या. मग थोडं खाली, करड्या धुक्यात बारीक पांढऱ्या रेषा. मला वाटलं हीच बुरशी. डॉक्टर म्हणाल्या, "नाही सिस्टर, या नसा आहेत. कॉर्नियात नसा पुष्कळ असतात, म्हणून तर इतकं दुखतं." आणखी आत गेल्यावर त्या थांबल्या. तिथं पांढऱ्या झळझळीत रेषा एकमेकींना कापत, फांद्या फुटत, चहूकडे गेल्या होत्या. पऱ्हाटीचा ढीग वरून दिसतो तसा. मावशींच्या डोळ्यात अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत एवढं सगळं उगवलेलं होतं आणि बाहेरून दिसत होता एक दाणा.

या यंत्राचं कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हैदराबादच्याच एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या डोळ्यात बुरशी किंवा अकॅन्थअमीबा नावाचा परजीवी होता, अशा शंभरांपैकी सुमारे ८८ जणांत या यंत्रानं तो ओळखला. म्हणजे बारा सुटले. बॅक्टेरिया इतके लहान की डोळ्यात ते या यंत्राला ओळखूच येत नाहीत. इवल्याशा चौकोनात बघायचं असल्यामुळे नेमकी जागा हुडकावी लागते आणि रुग्णानं डोळा स्थिर ठेवावा लागतो. नस कुठली आणि बुरशी कुठली हे यंत्र सांगत नाही, बघणारीला कळावं लागतं. मी स्वतः फसलेच होते. आणि किंमत अशी, की गावोगाव सोडा, हे यंत्र मोठ्या संस्थांतच असायचं. म्हणून खरवडीची साधी तपासणी कधी मागे पडत नाही. बहुतेक डोळ्यांचं निदान तीच करते. यंत्राची गरज लागते ती मावशींसारख्यांना, जखम खोल गेल्यावर आणि खरवडीत काही न सापडल्यावर.

मावशींना नॅटामायसिनचे थेंब सुरू झाले, सुरुवातीला जागेपणी दर तासाला. हे औषध जुनं आहे. पण मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. दर तासाला थेंब म्हणजे मजुरी बंद. दोन महिने मावशींच्या सुनेनं घड्याळ लावून थेंब घातले. डोळा वाचला, काढावा लागला नाही. पण पटलावर फूल पडलं ते कायमचं. त्या डोळ्यानं माणूस समोर आलेला कळतो, चेहरा कळत नाही. नेत्ररोपणासाठी नाव घातलं आहे.

मावशी एकट्या नाहीत. मदुराई जिल्ह्यात १९९३ साली मोजणी झाली तेव्हा वर्षाला दर लाख माणसांमागे ११३ जणांना कॉर्नियाचा व्रण झालेला आढळला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात हाच आकडा ११ होता. डोळा तिथलाही तसाच नाजूक. फरक काडीचा, उसाच्या पात्याचा, आणि दवाखान्यापर्यंत पोचायला लागणाऱ्या दिवसांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००१ मध्ये छापलेल्या अंदाजानुसार डोळ्याची इजा आणि असे व्रण मिळून जगात दर वर्षी १५ ते २० लाख माणसांचा एक डोळा जातो. एकच जातो म्हणून त्याची गणती आंधळेपणात होत नाही. दोन डोळ्यांनी काम करणारी मजूर बाई एका डोळ्यानं काम करायला लागते, एवढंच.

वेळेला किती किंमत आहे ते नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात दिसलं. तिथं गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून ओरखडा आलेल्या डोळ्यांत लगेच क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम घालायला लावलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात अशा ४४२ जणांपैकी ९६ टक्क्यांचा ओरखडा व्रण न होता भरून आला. १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी तर कुणालाच व्रण झाला नाही. यावरून मलमाची ट्यूब आणून घरी बसायचं असं नाही, ते मलम बुरशी मारत नाही. घ्यायचं ते तासांचं गणित. मावशींचे नऊ दिवस गेले होते.

तेव्हा काडी, कुसळ, पान लागलं तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, आणि दुखणं, उजेड न सोसणं, धूसर दिसणं यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. आदल्या दिवशी काय घातलं ते लपवू नका. दूध घातलं असेल तर दूध सांगा, कुणी हसलं तर हसू द्या. बाटली सोबत न्या. दुकानातून थेंब घेतलेच असतील तर त्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलंय का ते शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. लिहिलं असेल तर घालू नका, दाखवायला न्या. आणि पांढरा डाग आला असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणार का?" विचारायचा आपल्याला हक्क आहे. चिडले तर माझं नाव सांगा, मी बोलेन त्यांच्याशी.

टोळीबरोबर गेलेल्यांचं अवघड आहे. कारखान्याच्या तळावर, उचल घेतलेली, मुकादमाचा खाडा लागणार, मग डोळ्यासाठी दिवस कोण मोडणार? आमच्या टोळ्यांतल्या दोन-तीन मुलींना मी ओरखडा कसा ओळखायचा आणि कुठल्या गावात नेत्रविभाग आहे ते लिहून दिलं आहे. गेल्या हंगामात वर्गणी काढून प्लास्टिकचे चष्मेही घेतले होते. मळणीयंत्रावर लोकांनी ते वापरले. ऊसतोडीत टिकले नाहीत. घामानं काचेवर वाफ धरते, पान दिसेनासं होतं, कोयता बोटावर यायची भीती. तक्रार खरी आहे. बारीक तारेच्या जाळीचे चष्मे मिळतात, त्यावर वाफ धरत नाही. या वर्षी तसे काही आणून बघायचं चाललंय. पहिला मावशींनी मागून ठेवलाय.